उत्पन्न किती, मोठ्याने सांगा

संपादकांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या नोकरीवर काहीतरी लिहा, पालकांना उपयोग होईल." मी म्हटलं, अहो, पालकांना उपयोगी पडायचं काम मी एकतीस वर्षं केलं, त्यातलं निम्मं कुणी ऐकलं नाही. आता छापून आल्यावर ऐकतील, असं तुम्हाला वाटतंय का? ते हसले आणि शब्दमर्यादा सांगून मोकळे झाले.

तर मी कल्याणच्या पलीकडे एका इंजिनीअरिंग कॉलेजात विद्यार्थी विभागात होते. क्लार्क म्हणून लागले, अधीक्षक म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झाले. मधलं सगळं सर्व्हिस बुकात आहे, ते इथे नको. दर जून-जुलैत आमचा ड्रॉइंग हॉल रिकामा व्हायचा आणि तिथे प्रवेशाचं सरकारी सुविधा केंद्र लागायचं, त्याबद्दलच सांगते. ड्रॉइंगची टेबलं उतरती असतात. त्यावर ठेवलेलं पेन घरंगळत समोरच्या पालकाच्या मांडीवर जायचं आणि तो बिचारा दचकायचा. टेबल नंबर दोन माझं.

ज्यांच्या घरात अजून बारावी आलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलगा सीईटी देतो, त्याला पर्सेंटाइल मिळतात. मग सुविधा केंद्रात कागद तपासून घ्यायचे. त्यावरून कच्ची गुणवत्ता यादी लागते. त्यात काही चुकलं असेल तर हरकत घ्यायला दोन-तीन दिवस मिळतात, मग यादी पक्की होते आणि तिला कुणाचा बापही हात लावू शकत नाही. त्यानंतर येतो ऑप्शन फॉर्म. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, हे पसंतीच्या क्रमाने लिहायचं. कंप्युटर वरून खाली बघत येतो आणि तुमच्या मार्कांत बसणारी पहिली जागा तुमच्या नावावर टाकतो. अशा दोन-तीन फेऱ्या होतात.

माझं सरकारी काम कागद तपासण्यापुरतं होतं. पण माणसं कागद तपासून झाले तरी खुर्चीवरून उठायची नाहीत. "मॅडम, ह्याला नाइंटीवन आहेत, काय मिळेल?" असं विचारत बसायची. मग मी मागच्या वर्षीच्या कट-ऑफचं बाड काढायचे, पट्टी ठेवायचे आणि लाल पेनाने यादी करून द्यायचे. हे माझ्या कामात नव्हतं. प्राचार्यांना माहीत होतं आणि त्यांच्या मेहुण्याच्या मुलाचीही यादी मीच केलेली, त्यामुळे ते गप्प असायचे.

एक चूक आमच्याकडची मंडळी हमखास करतात. जे कॉलेज नक्की मिळणार तेच पहिल्या नंबरावर लिहितात. का, तर "आधी हातातलं पक्कं करू मॅडम, मग वरचं बघू." अहो, पतपेढीची एफडी आहे का ती! पहिल्या नंबरचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत तुम्हाला कुणी उभं करत नाही. वर हवं ते लिहा, मध्ये जमेल ते, खाली मिळेलच ते. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की आमचा शिपाईसुद्धा पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता ते म्हणायचा.

पण वर "हवं ते" लिहितानाही एक अट असायची. फी झेपणार नसेल तर ते कॉलेज यादीत टाकायचंच नाही. यादीत लिहिलंत म्हणजे हो म्हणालात. जागा मिळाल्यावर "एवढी फी कुठून आणू" म्हणून माझ्यासमोर रडणारे बाप मी पाहिलेत, आणि मला राग त्यांचाही यायचा नि त्यांना आधी कुणी न सांगणाऱ्यांचाही. फी नुसती धरून चालत नाही. येण्याजाण्याचा खर्च, हॉस्टेल लागणार का, परीक्षेची, लॅबची, कसली कसली फी, सगळं धरायचं आणि त्याला चारने गुणायचं.

डोंबिवलीचे एक निवृत्त बँक ऑफिसर नातवासाठी आले होते. नव्वद कॉलेजांचा तक्ता करून आणलेला, वेगवेगळ्या रंगांत. लायब्ररीला इतके गुण, कॅन्टीनला इतके गुण. मी विचारलं, "ह्यातलं एक तरी डोळ्यांनी पाहिलंय?" म्हणाले, "वेबसाइटवर पाहिलंय, हिरवळ छान आहे." मी म्हटलं, "तुमच्या पहिल्या नंबरच्या कॉलेजच्या गेटवर उद्या सकाळी पावणेनऊला उभे राहा आणि मला फोन करा." सज्जन माणूस, खरंच गेला. सव्वानऊला फोन आला. "मॅडम, दोन रिक्षा झाल्या, एक बस झाली, गेट अजून आलेलं नाही." त्या दुपारी त्यांनी स्वतःच साठ कॉलेजं खोडली. तेव्हापासून मी सगळ्यांनाच गेटवर पाठवायला लागले. शहाडच्या मुलाला रोज साडेपाचला उठून नवी मुंबईच्या टोकाला जायचं असेल तर ते तक्त्यात दिसत नाही, जाऊन बघावं लागतं.

अशी मी हुशार. सगळे म्हणायचे, नाडकर्णी मॅडमच्या टेबलावर गेलात तर सुटलात. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आता घागांचं सांगते. ते सांगायला मला आवडत नाही, पण तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलींच्या फीला आत्ता जी मोठी सवलत मिळते, ती तेव्हा नव्हती. तेव्हा कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना एकच मोठा आधार, तो म्हणजे फीमाफीच्या जागा. प्रत्येक शाखेत अशा तीन-चार जागा जास्तीच्या असतात. शिकवणी शुल्क पूर्ण माफ. त्यासाठी उत्पन्न सरकारी मर्यादेच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो, आणि तो कागद तपासणीच्या वेळी किंवा फार तर हरकतीच्या मुदतीत दाखवावा लागतो.

शहाडचे संतोष घाग टेबलासमोर बसले. डोंबिवली एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. शेजारी त्यांची मुलगी ऋतुजा, मांडीवर प्लास्टिकची फाइल धरून. आणि दुसऱ्या बाजूला तिचा मामा, दीपक, माजिवड्याला स्वतःचं गॅरेज असलेला, गळ्यात चेन, मोठ्या आवाजाचा पण मनाने चांगला माणूस. भाचीच्या ॲडमिशनला मामा येणारच. मुलीला मार्क चांगले होते आणि तिला कंप्युटर हवं होतं.

मी कागद तपासत तपासत विचारलं, "वार्षिक उत्पन्न किती?"

घाग काहीतरी पुटपुटले. हॉलमधले पंखे जुने, वर शंभर माणसांचा कलकलाट.

"अहो, उत्पन्न किती, मोठ्याने सांगा!"

तो प्रश्न मी रोज दोनशे वेळा तसाच विचारायचे. मागच्या रांगेतले लोक ऐकायचे आणि पुढे येईपर्यंत आपापला आकडा तयार ठेवायचे. मला ते सोयीचं वाटायचं, वेळ वाचायचा.

घागांनी मामाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "मर्यादेच्या वर आहे. दाखला नाही काढला."

"भावोजी परमनंट आहेत ना," मामा कौतुकाने म्हणाला, "ओव्हरटाइम धरला तर विचारूच नका. सवलत बिवलत नको मॅडम, आम्ही आहोत ना मागे."

मी फीमाफीच्या रकान्यात "नाही" केलं. घागांनी सही केली. ऋतुजा फाइलचं बटण उघडत होती आणि लावत होती, उघडत होती आणि लावत होती. ते मी पाहिलं. माझ्या डोक्यात काहीतरी खटकलंसुद्धा. पण रांग दरवाज्याबाहेर गेलेली, मी पुढचा नंबर पुकारला.

कच्ची यादी लागली त्या दिवशी ऋतुजा एकटीच आली. रांगेत नाही, हॉलच्या कोपऱ्यात उभी राहून मी जेवायला उठायची वाट बघत होती. मी डबा उघडत होते तेव्हा जवळ आली.

"मॅडम, फीमाफीसाठी आता काही करता येतं का?"

"तुमचं उत्पन्न जास्त आहे ना गं?"

ती खाली बघून म्हणाली, "बाबांची कंपनी दिवाळीपासून बंद आहे. दुसरीकडे कॉन्ट्रॅक्टवर जातात, बोलावलं त्या दिवशी. आई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाते. मामाकडे कुणाला माहीत नाही. सांगितलं तर मामा पैसे घेऊन उभा राहील आणि बाबांना ते नको आहे."

माझा घास हातातच राहिला. मी तिला म्हटलं, "आणि हे तू आत्ता सांगतेस?" वाईट बोलले मी.

लगेच घागांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तुमचं काम करा," आणि ठेवला. मला असा संताप आला म्हणता! हरकतीची मुदत शुक्रवारपर्यंत, आज बुधवार, आणि हा माणूस मानपान धरून बसलाय. मी कारकुनी डोकं चालवलं. परत फोन करून कोरड्या आवाजात सांगितलं, "पालकांची एक सही राहिलीय, ती झाली नाही तर फॉर्म रद्द होईल." तासाभरात आले.

त्यांना हॉलमध्ये बसवलं नाही. मागच्या रेकॉर्ड रूममध्ये नेलं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते तिथे. स्टूल दिलं. आणि मग माझी जीभ सुटली. "मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे घाग! त्या दिवशीच खरं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

ते रागावले नाहीत. रुमाल काढून चष्मा पुसला. म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही असं आत बोलावून हळू विचारलं असतंत, तर सांगितलं असतं."

मी दार लोटून घेतलं आणि पुढचं सगळं हळू विचारलं.

त्यानंतर जे करता येण्यासारखं होतं ते केलं. लागणाऱ्या कागदांची यादी लिहून दिली, सेतू केंद्रात ओळखीचा माणूस होता त्याला फोन केला. घाग दोन दिवस खाडा करून तहसील कार्यालयात उभे राहिले. तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, कंपनीचं पत्र. बंद कंपनीचं पत्र कोण देणार? त्यात एक दिवस गेला. शुक्रवारी संध्याकाळी खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, सोमवारी या. सोमवारी दाखला मिळाला. शुक्रवारी पाचला मुदत संपलेली होती. मी हेल्पलाइनवर भांडले, प्राचार्यांना वरच्या ऑफिसला फोन करायला लावला. सगळीकडे एकच उत्तर, यादी पक्की झालीय. आणि ते उत्तर बरोबर होतं. मी स्वतः हजारो पालकांना तेच दिलं होतं.

मग आम्ही बसून ऑप्शन फॉर्म भरला. मामा त्या दिवशी नव्हता. ठाण्याचं एक कॉलेज होतं, चांगलं, जायला-यायला सोपं, ऋतुजाला मनापासून हवं होतं. तिथे तिला पूर्ण फी भरून कंप्युटर मिळण्यासारखं होतं आणि ते लिहायची सोय नव्हती. मी लाल पेन हातात घेतलं, पण ते खोडायला माझा हात होईना. ऋतुजानेच माझ्या हातातून पेन घेतलं आणि रेघ मारली. म्हणाली, "यादीत लिहिलं म्हणजे हो म्हटलं, ना मॅडम?" माझंच वाक्य, हॉलमध्ये कुठेतरी ऐकलेलं. खाली राहिली ती कमी फीची, जवळची, साधी कॉलेजं, आणि कंप्युटरऐवजी इन्स्ट्रुमेंटेशन. उशिरा आलेला दाखला एका कामी येणार होता. त्यावर अर्धी फी सरकारकडून परत मिळणार होती. ते गणित मांडून दाखवलं तेव्हा घागांनी पहिल्यांदा मान हलवली. जमेल म्हणाले.

ह्याच्यानंतरच्या वर्षी मी टेबलावर चिठ्ठ्यांचं पॅड ठेवलं. उत्पन्न तोंडाने सांगायचंच नाही, चिठ्ठीवर लिहून उलटी घडी करून द्यायची. पहिल्याच सकाळी एक गृहस्थ रांगेत शेजाऱ्याला नवीन फ्लॅटचं बुकिंग सांगत होते. त्यांची चिठ्ठी उघडली तर उत्पन्न मर्यादेच्या निम्म्याहून कमी. मी काही न बोलता फीमाफीच्या रकान्यात "हो" केलं आणि दाखला कुठून काढायचा ते चिठ्ठीच्या मागे लिहून परत दिली. त्यांनी ती वाचून खिशात टाकली आणि फ्लॅटचं पुढे चालू ठेवलं. असे त्या वर्षी किती निघाले म्हणता! शनिवारी सगळ्या चिठ्ठ्या फाडायला बसले तेव्हा मला आधीची सगळी वर्षं आठवली. तेव्हा पॅड नव्हतं. तेव्हा मी ओरडून विचारत होते आणि लोक ओरडून खोटं सांगत होते, आणि मी ते सरकारी अर्जावर नीट अक्षरात लिहीत होते. किती मुलांच्या जागा त्यात गेल्या असतील, मला माहीत नाही. कळायचा मार्गही नाही. ह्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं, आणि मी काही दगड नाही.

पण पॅडच्या आदल्या वर्षीचा, घाग माझ्या टेबलासमोर शेवटचे बसले तो दिवस सांगायचा राहिला. पहिल्या फेरीची यादी लागली. ऋतुजाला आमच्या यादीतलंच एक साधं कॉलेज मिळालं, इन्स्ट्रुमेंटेशन. सकाळी ऑफिसात आल्याबरोबर मी दार लावून घेतलं आणि ठाण्याच्या त्या कॉलेजचा फीमाफीचा कट-ऑफ काढून पाहिला. कंप्युटरची शेवटची जागा ज्याला गेली होती तो ऋतुजाच्या खाली होता. बराच खाली. ती जागा तिचीच होती.

दुपारी बापलेक कागदांच्या मूळ प्रती घेऊन आले, पुढचं विचारायला. हॉल भरलेला. मी ठरवलं होतं की कट-ऑफचं सांगायचं नाही, कशाला जखमेवर मीठ. पण समोर बसले आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "घाग, चूक माझी झाली. त्या दिवशी मी तसं विचारायला नको होतं. मुलीची जागा माझ्यामुळे गेली." एकतीस वर्षांत पालकाला हे वाक्य मी एकदाच बोलले. शेजारच्या टेबलावरचे सावंत टाइप करायचे थांबले.

घाग म्हणाले, "नाही मॅडम, खोटं मी बोललो."

तेव्हा ऋतुजा म्हणाली, "मी पण तिथेच बसले होते ना. मला माहीत होतं खोटं आहे. मी म्हणू शकले असते." ती हे वडिलांकडे न बघता माझ्याशी बोलत होती. "पण मामासमोर बाबांना खोटं पाडायचं नव्हतं मला. जागा गेली तर गेली, असं मी तिथेच ठरवलं होतं. नंतर वाटलं एकदा विचारून बघू, म्हणून तुमच्याकडे आले."

"तुला माहीत होतं जागा जाईल?" घागांनी विचारलं.

"कट-ऑफ पाठ आहेत बाबा मला."

घागांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि त्या भरल्या हॉलमध्ये, माझ्या टेबलासमोर, पंख्यांच्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलायला लागले.

"दीपक? संतोष बोलतोय. हो, मिळालं कॉलेज. ऐक, कंपनी दिवाळीपासून बंद आहे माझी. कॉन्ट्रॅक्टवर जातो. हो, तुला खोटं सांगितलं मी... नाही, पैसे नकोत. नकोत म्हणतो ना. फक्त सांगायला फोन केला."

रांग माझ्या टेबलापासून जिन्यापर्यंत होती. मी पुढचा नंबर पुकारला नाही. त्यांचा फोन संपेपर्यंत रांगेतलं कुणीही, का थांबवलंय म्हणून, विचारलं नाही.